टायब्रेकरचा बाप : जिमी व्हॅन ॲलन

प्रोग्रॅमिंगच्या सुरुवातीच्या प्रॅक्टिकललाच आपल्याला बजावतात : लूप लिहिलास ना, मग बाहेर पडायची कंडिशनही लिही, नाहीतर मशीन बसतं गरागरा फिरत! टेनिससारख्या साहेबी खेळात हा बग जवळजवळ शंभर वर्षं तसाच पडून होता. सेट जिंकायला दोन गेमची आघाडी हवी, पण ती कधी मिळेल याला मर्यादाच नाही! हा बग पकडणारा माणूस इंजिनिअर नव्हता. त्याचं नाव जिमी व्हॅन ॲलन.

जन्म 1902 चा, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टचा. घर गडगंज, कोट्यधीश ॲस्टर घराण्याशी नातं. केंब्रिजला शिकला, तिथे टेनिस टीमचा कॅप्टन झाला. टेनिसचा जुना अवतार म्हणजे चार भिंतींत खेळायचं कोर्ट टेनिस. त्यात तो तीनदा अमेरिकेचा चॅम्पियन होता. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1881 मध्ये न्यूपोर्ट कॅसिनोत झाली होती. तीच वास्तू वाचवून त्याने 1954 मध्ये तिथे टेनिसचं हॉल ऑफ फेम सुरू केलं. थोडक्यात काय, गडी परंपरेच्या अगदी गाभाऱ्यातला!

त्याच वर्षी न्यूपोर्टला रिचर्डसन आणि क्लार्क यांची मॅच तब्बल 83 गेम चालली. लोक ज्या डबल्ससाठी आले होते, ती शेवटी बाजूच्या कोर्टवर हलवावी लागली. जिमीचं डोकं सटकलं. त्याने गुण मोजण्याची अख्खी नवी पद्धत बनवली. टेबल टेनिससारखे सरळ 1, 2, 3 मोजायचे, लव्ह-फिफ्टीन-ड्यूसची भानगडच नाही. 1965 मध्ये स्वतःच्या खिशातून बक्षिसं देऊन त्याने व्यावसायिक खेळाडूंना या पद्धतीने खेळवलंसुद्धा. पण जुन्या मंडळींनी हसण्यावारी नेलं.

मग मदतीला आला टीव्ही! 1968 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धांची दारं उघडली आणि सीबीएस नेटवर्क यूएस ओपन दाखवू लागलं. आता बघा, नेटवर्कचं गणित मिनिटांचं. जाहिराती विकलेल्या, पुढचा कार्यक्रम ठरलेला. मॅच कधी संपेल हेच माहीत नसेल तर दाखवणार कशी? त्यात 1969 च्या विम्बल्डनला गोन्झालेस आणि पासारेल यांनी पहिल्याच राउंडला 112 गेम खेळून दोन दिवस घेतले.

1970 च्या यूएस ओपनने जिमीचा टायब्रेकर घेतला. सेट 6-6 झाला की 9 पॉइंट. आधी 5 करेल तो जिंकला. 4-4 झालं तर एकच पॉइंट, सगळा निकाल त्यावर! टायब्रेकर सुरू झाला की कोर्टवर लाल झेंडा लागायचा. प्रेक्षक खूश, खेळाडू वैतागलेले. त्यांचंही चुकीचं नव्हतं : दोन तासांची मेहनत एका पॉइंटवर का जावी? म्हणून दोन पॉइंटची आघाडी मागणारा 12 पॉइंटचा टायब्रेकर आला. 1975 पासून यूएस ओपननेही तोच घेतला. जिमीला हे मुळीच पटलं नाही. त्याच्या मते लूप पुन्हा उघडा राहिला होता.

पण टीव्हीवर हिट झाला तो हाच. 1972 मध्ये डॅलसच्या डब्ल्यूसीटी फायनलला एनबीसीच्या कॅमेऱ्यांसमोर पाचव्या सेटचा टायब्रेकर रंगला. लेव्हर 5-4 ने पुढे, पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच. रोझवॉलने ते दोन्ही पॉइंट हिसकावले आणि 7-5 ने बाजी मारली.

3 जुलै 1991 रोजी न्यूपोर्टलाच जिमी गेला. दोनच दिवसांनी विम्बल्डनच्या सेमीफायनलला गतविजेता एडबर्ग स्वतःची सर्व्हिस एकदाही न गमावता हरला. स्टिखने तीन टायब्रेकर जिंकले होते!

शेवटचा सेट मात्र विम्बल्डनने मोकळाच ठेवला होता. 2010 मध्ये इस्नर-माहू मॅच 11 तास 5 मिनिटं चालली, शेवटचा सेट 70-68! 2022 पासून चारही ग्रँड स्लॅमच्या शेवटच्या सेटला 6-6 वर 10 पॉइंटचा टायब्रेकर आहे. तोही दोनच्या आघाडीचा, म्हणजे जिमी असता तर पुन्हा भांडला असता.

आपल्या लिअँडर पेसने 1998 मध्ये न्यूपोर्टच्या याच गवतावर एटीपी सिंगल्सचं विजेतेपद मिळवलं, आणि 2024 मध्ये विजय अमृतराजसोबत तो इथल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा दोस्तहो, आपलं डिझाईन पहिल्या रिव्ह्यूला उडवून लावलं म्हणून फाईल फेकून देऊ नका. जग ते स्वीकारतं, फक्त आपल्याला हवं तसं स्वीकारेलच असं नाही!