विश्लेषण : गड, तलवारी आणि प्रेम... ‘वीरधवल’कार नाथमाधव कोण होते?

कसारा लोकल वाशिंदहून आसनगावकडे निघाली की माहुलीचे सुळके दिसू लागतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले सरदार, त्यांचे किल्ले आणि प्रेमप्रकरणे यांवरच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या इंग्रजीत आजही खपतात. गडकोटांच्या महाराष्ट्रात हीच आवड शंभर वर्षांपूर्वी भागवली ती नाथमाधव यांनी.

नाथमाधव कोण?
मूळ नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म १८८२, मुंबई. नोकरी तोफांच्या कारखान्यात.

सिंहगडावर काय घडले?
१९०५ मध्ये शिकारीला गेले असता ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले. कमरेखालचा भाग लुळा पडला. आजारपणात वाचन वाढले आणि त्यातून लेखन सुरू झाले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी आली. १९१३ मध्ये आलेल्या अद्भुतरम्य ‘वीरधवल’ने त्यांना लोकप्रिय केले. पुढे शिवकाळावर ‘स्वराज्य’ मालिका लिहिली. ज्या गडाने पाय नेले, त्याच गडकोटांच्या गोष्टी त्यांनी रंगवल्या.

वाचकांना यात काय आवडते?
नायक अखेर सुखरूप सुटणार, हे वाचकाला ठाऊक असते. उत्सुकता असते ती कसा सुटणार याची. काळ जुना, त्यामुळे घरभाडे, हप्ते, नोकरी यांचा तासभर विसर पडतो. चालता न येणाऱ्या लेखकाने वाचकाला घोड्यावर बसवले, ही या कादंबऱ्यांची खरी ताकद.

आज वाचता येतील?
हो. नाथमाधव १९२८ मध्ये, अवघ्या ४६व्या वर्षी गेले. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपल्याने त्यांच्या कादंबऱ्या कुणालाही पुन्हा छापता येतात.