सावित्रीमाईंचा अखेरचा धडा

सावित्रीमाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिडेवाडा उभा राहतो. अंगावर शेण-दगड झेलत शाळेकडे निघालेली शिक्षिका दिसते. ३ जानेवारीला गावोगावी माईंची जयंती होते, भाषणे होतात आणि बहुतेक भाषणे १८४८ सालाभोवतीच फिरतात. ते योग्यच आहे. पण माईंच्या आयुष्याची दुसरी बाजू आपल्या व्यासपीठांवरून फारशी सांगितली जात नाही. माई जन्मभर बाळंतिणींची, उपाशी लेकरांची, आजाऱ्यांची सेवा करीत राहिल्या आणि ती सेवा करतानाच गेल्या. आज गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव, सालेकसा, देवरीकडच्या खेड्यांतून आलेल्या आपल्या मुली नर्सिंग असिस्टंटचे शिक्षण घेतात. निदान त्यांच्यासाठी तरी ही बाजू नीट मांडणे गरजेचे आहे.

माईंचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली जोतीरावांशी विवाह झाला. जोतीरावांनी त्यांना शिकविले, पुढे १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि माई शिक्षिका झाल्या. हा इतिहास वाचकांना पाठ आहे. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८६३ साली, फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला पुनर्विवाहाची बंदी, पण तिच्यावर हात टाकणाऱ्या घरच्याच पुरुषाला मोकळीक, असा तो धर्माचा न्याय होता. दिवस गेलेली विधवा एकतर विहीर जवळ करी, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा दाबून काळ्या पाण्याची शिक्षा भोगी. अशा स्त्रियांना जोतीरावांनी आपले दार उघडले. जोतीरावांच्याच नोंदीप्रमाणे १८८४ पर्यंत ३५ ब्राह्मण विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या.

या आकड्यामागचे काम कोणाचे होते? ते माईंचे होते. बाळंतपण म्हणजे रक्त, पाणी, मळलेली फडकी, रात्रीची जाग्रणे. बाळ जन्मताच पुसून कोरडे करायचे, उबेत ठेवायचे, आईच्या अंगावर लावायचे. आईचा रक्तस्राव वाढतो काय, ताप चढतो काय यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. आज प्रशिक्षणाच्या पहिल्या काही महिन्यांत हेच शिकवितात. आणि हे काम त्या समाजात कोणत्या पायरीवर होते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. खेड्यात नाळ कापायला महार-मांगांची बाई चालत होती, पण तिच्या हातचे पाणी चालत नव्हते. जे काम व्यवस्थेने हलके ठरवून आपल्या माथी मारले, ते माईंनी आपल्या घरात, आपल्या हातांनी, मानाने केले.

याच गृहात काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला सत्यशोधक समाजाच्या वतीने उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालला, तेथेही माई राबत होत्या.

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण डॉक्टर येऊन जातो, उरलेला दिवस आणि रात्र रोग्याजवळ बसणाऱ्याची असते. अर्धांगवायूच्या रोग्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा पडतात. घास गिळताना ठसका लागू नये म्हणून बसवून, थोडे थोडे भरवावे लागते. अंग पुसणे, मलमूत्र, कपडे सारेच दुसऱ्याच्या हाती असते. त्यात रोग्याचा मान राखणे हे सर्वांत अवघड. ही शुश्रूषा नीट झाली म्हणूनच जोतीराव डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म लिहू शकले, असे मी मानतो. आपण त्या ग्रंथापुढे नतमस्तक होतो, तेव्हा त्या आजारपणातल्या हातांचीही आठवण ठेवली पाहिजे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. तेव्हा माईंनी रूढी झुगारून अंत्ययात्रेत स्वतः टिटवे धरले आणि पुढे सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात. काखेत, जांघेत गाठ यायची, ताप भडकायचा, वात व्हायचा आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. रोगाचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. पण उंदरावरील पिसू तो पसरविते, हे १८९८ पर्यंत कळलेले नव्हते. औषध नव्हतेच. पाणी पाजणे, अंग पुसून ताप उतरविणे, स्वच्छ ठेवणे, धीर देणे एवढाच इलाज होता. याचा अर्थ, त्या काळी रोगी वाचलाच तर त्यात मोठा वाटा सेवा करणाऱ्याचा असे.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. चार कलमांचा कायदा. त्यात सरकारला अधिकार होते, न ऐकणाऱ्याला शिक्षा होती, अधिकाऱ्याला संरक्षण होते. रोग्याची सेवा करणाऱ्यासाठी एक शब्द नव्हता. त्याच दिवसांत माईंनी सैन्यात नोकरीला असलेल्या यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरला ससाणे मळ्यात, यशवंतच्या सासऱ्यांच्या जागेत, रोग्यांसाठी दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग प्लेगने आजारी आहे असे कळताच माई तेथे गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. वय ६६. पोर वाचले. माईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. डॉ. यशवंतही १९०५ साली प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना गेले.

पुण्याच्या प्लेगचा इतिहास म्हटला की शाळेच्या पुस्तकात रँड येतो, सोजिरांची घरझडती येते, २२ जूनची गोळी येते. घर बाटले म्हणून झालेला संताप इतिहासात मोठ्या अक्षरांत आहे. महारवाड्यातले पोर पाठीवर घेऊन आलेली म्हातारी मात्र दोन ओळींत उरकली जाते. हा इतिहास कोणी लिहिला, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

शुश्रूषेचा पाया स्पर्श आहे आणि जातिव्यवस्थेचा पाया स्पर्शबंदी आहे. म्हणून जातीवाद आणि शुश्रूषा एका वॉर्डात नांदू शकत नाहीत. तथागतांनी आणि आनंदाने अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला स्वतः धुऊन स्वच्छ केले होते. माईंचे कार्य त्याच मार्गाचे आहे. बाबासाहेबांच्या संविधानाने १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याच्या ५ व्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. प्रशिक्षणार्थी मुलींना नाडी, ताप, श्वास मोजायला शिकवितात, तसे हे कलमही शिकविले पाहिजे. हातमोजा संसर्गासाठी घालायचा असतो. रोग्याचे आडनाव ऐकून तो चढवायचा नसतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १८९७ च्या त्या कायद्यात आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद यायला २०२० साल उजाडले, तेही कोरोनाची साथ आल्यावर. सेवा करणाऱ्याच्या हक्काला या देशात एवढा उशीर लागतो. म्हणून माईंचे नाव घेऊन कोणी आपल्या मुलींना फुकट राबवू पाहील, तर त्याला ठणकावून सांगा की माईंचा त्याग माईंचा होता, तो कोणा मालकाच्या नफ्यासाठी नव्हता. नेमणुकीचे पत्र, किमान वेतन, हातमोजे-मास्क, लसीकरण आणि रात्रपाळीला सुरक्षित जाण्या-येण्याची सोय हे मागायचे हक्क आहेत. मलमूत्राचे काम ठरावीक वस्तीच्या मुलींच्याच वाट्याला येत असेल, तर ती वाटणी लेखी विचारली पाहिजे.

१९९९ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला, २०१६ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. इमारती झाल्या, खाटा आल्या. खाटेजवळ उभे राहणारे माणूस कसे हवे, हा प्रश्न इमारतीने सुटत नाही. येत्या १० मार्चला आपल्या विहारांत माईंच्या प्रतिमेला हार घालाच. पण त्याच दिवशी गावातल्या दहा मायबहिणींना बसवून अंथरुणावरच्या रोग्याची कूस कशी बदलायची, हात कसे धुवायचे, ताप कसा मोजायचा हे एखाद्या शिकलेल्या मुलीकडून करून दाखवून घ्या. माई शिक्षिका होत्या. त्यांचा अखेरचा धडा शिकविण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे.