विश्लेषण : केस सरळ करणारे क्रीम आले कुठून? त्याने केसांचे कालांतराने काय होते?

रत्नागिरीजवळच्या पालीपासून मुंबईपर्यंत ‘स्मूदनिंग’ आणि ‘रीबॉन्डिंग’ हे शब्द आता ओळखीचे झाले आहेत. रसायनाने केस सरळ करण्याचा व्यवसाय ज्यांनी सुरुवातीच्या काळात उभा केला, त्यांत गॅरेट मॉर्गन यांचे नाव ठळक आहे. विशेष म्हणजे ते केशतज्ज्ञ नव्हते, शिलाई यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर होते.

गॅरेट मॉर्गन कोण होते?

४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आईवडिलांनी गुलामगिरी भोगली होती. मॉर्गन यांचे शालेय शिक्षण सहावीपर्यंतच झाले. १८९५ मध्ये ते क्लीव्हलँड शहरात आले, कापड कारखान्यात कामाला लागले आणि यंत्रदुरुस्ती शिकले. १९०७ मध्ये त्यांनी दुरुस्तीचे स्वतःचे दुकान काढले. पुढे पत्नी मेरी यांच्यासोबत शिवणकामाचा व्यवसायही सुरू केला.

शोध कसा लागला?

वेगाने चालणारी सुई तापून लोकरी कापड होरपळे. सुईसाठी गुळगुळीतपणा देणारे द्रावण तयार करताना त्यांनी हात कापडाला पुसले आणि कापडाचे कुरळे तंतू सरळ झाले, अशी हकिकत सांगितली जाते. मग प्रयोग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आणि नंतर स्वतःच्या केसांवर झाला. १९१३ मध्ये त्यांनी केसांच्या क्रीमची कंपनी काढली. कुरळ्या केसांवरून कृष्णवर्णीयांना हिणवले जाण्याच्या त्या काळात मागणीला तोटा नव्हता.

पुढे त्यांनी काय केले?

१९१४ मध्ये त्यांना धुरापासून वाचवणाऱ्या मुखवट्याचे पेटंट मिळाले. जुलै १९१६ मध्ये ईरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा हाच मुखवटा घालून ते आत उतरले आणि अडकलेल्यांना बाहेर काढले. श्रेय मात्र बराच काळ इतरांनाच मिळाले. १९२३ मध्ये त्यांनी वाहतूक सिग्नलचे पेटंट घेतले. २७ जुलै १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

रसायनाने केसांत नेमके काय होते?

केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याचा आकार गंधकाचे बंध टिकवून ठेवतात. आजच्या रिलॅक्सरमधले सोडियम हायड्रॉक्साइडसारखे तीव्र अल्कली हे बंध कायमचे बदलतात. रीबॉन्डिंगमध्ये दुसऱ्या रसायनाने बंध तोडून, गरम इस्त्री फिरवून ते सरळ स्थितीत पुन्हा जोडले जातात. केसाचा बाहेर आलेला भाग मृत असल्याने झालेली झीज भरून येत नाही.

नुकसान वाढत का जाते?

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात आणि मुळाशी पुन्हा मूळच्याच वळणाचे येतात. त्यामुळे ‘टचअप’ करावे लागते. त्या वेळी क्रीम जुन्या, आधीच सरळ केलेल्या भागालाही लागले, तर केस तिथेच तुटतात. टाळूला जखमा होऊ शकतात. वारंवार भाजल्यास केस गळू शकतात.

आरोग्याला धोका आहे का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ३४ हजार महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार वयाच्या ७० वर्षांपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण ही उत्पादने कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असण्याचा अंदाज आहे. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. काही केराटिन उपचारांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगकारक मानला जातो आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्यांनाही तो रोज हुंगावा लागतो.

काळजी काय घ्यावी?

डोक्याला जखम किंवा खाज असेल तर उपचार टाळावा. आधी एका बटेवर चाचणी करून घ्यावी. टचअप फक्त मुळाशी आलेल्या नव्या केसांवर करावे आणि दोन वेळांत पुरेसे अंतर ठेवावे. आग होऊ लागली, तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता लगेच क्रीम धुऊन टाकायला सांगावे.