ओसामू तेझुका : मंगाचा शिल्पकार

जपानी कॉमिक्सना, म्हणजेच मंगाला, आजचे रूप देणारे ओसामू तेझुका शिक्षणाने डॉक्टर होते. त्यांनी परवानाही मिळवला होता, पण दवाखाना कधी थाटला नाही.

ओसाकाजवळच्या टोयोनाका येथे ३ नोव्हेंबर १९२८ रोजी त्यांचा जन्म झाला, तर बालपण ताकाराझुका गावी गेले. कीटक जमवण्याचा त्यांना एवढा नाद होता की, एका भुंगेऱ्याच्या नावावरून त्यांनी आपल्या नावाला ‘कीटक’ या अर्थाचे चित्राक्षर जोडून घेतले. घरी वडिलांचा प्रोजेक्टर होता. त्यावर पाहिलेल्या चित्रपटांचा संस्कार पुढे कागदावर उतरला. १९४५ साली ओसाकावर झालेल्या बॉम्बवर्षावातून ते बचावले आणि युद्धाविषयीचा तिटकारा त्यांच्या कथांतून अखेरपर्यंत डोकावत राहिला.

१९४७ साली शिचिमा साकाई यांच्यासह केलेले ‘शिन ताकाराजिमा’ हे स्वस्त पुस्तक आले. त्याच्या चार लाख प्रती खपल्याचे सांगतात. धावणारी मोटार कॅमेऱ्याने टिपावी तशी चौकटीचौकटीतून दाखवण्याची त्यातली रीत एका पिढीने गिरवली. १९५२ साली अवतरला तो अणुऊर्जेवर चालणारा यंत्रबालक ‘अ‍ॅटम’. अणुबॉम्बने पोळलेल्या देशाने त्याला डोक्यावर घेतले.

खरी परीक्षा पुढे होती. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुकांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’ने अ‍ॅटमला दूरचित्रवाणीवर आणले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देणे त्या काळी अशक्यप्राय मानले जाई. त्यांनी चित्रांची संख्या घटवली, शरीर स्थिर ठेवून केवळ ओठ हलवले, जुनी चित्रे पुन्हा वापरली. मात्र वाहिनीला हे भाग त्यांनी निर्मितीखर्चापेक्षाही कमी दरात विकले. मालिका तुफान चालली, परदेशांतही गेली. पण स्वस्ताईचा तो पायंडा साऱ्या व्यवसायाच्या मानगुटीवर बसला. त्यांच्या निधनानंतर हायाओ मियाझाकींनी याच मुद्द्यावर परखड टीका केली. ती सर्वस्वी न्याय्य म्हणता येणार नाही, कारण या व्यवहाराची झळ सर्वांआधी तेझुकांनाच बसली. १९७३ साली ‘मुशी’ दिवाळखोरीत निघाली.

तोवर वास्तववादी शैलीच्या नव्या चित्रकारांपुढे ते कालबाह्य ठरू लागले होते. त्याच वर्षी त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ सुरू केली. नायक अव्वल शल्यविशारद, पण विनापरवाना! या कथेने त्यांचे गेलेले स्थान परत मिळवून दिले. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी चितारलेले ‘बुद्ध’ भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटावे. त्यात त्यांनी बुद्धचरित्रात काल्पनिक पात्रांची आणि विनोदाचीही बेधडक पेरणी केली आहे.

सुमारे सातशे कथा आणि दीड लाख पाने एवढा पसारा मागे ठेवून ९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे साठ. तेव्हाच्या जपानी रिवाजाप्रमाणे आजाराचे नाव या डॉक्टरलाही सांगण्यात आले नव्हते. रुग्णालयातही त्यांचे चित्र काढणे सुरूच होते. १९५४ पासून लिहीत आलेली ‘फिनिक्स’ आणि त्या वेळी चालू असलेल्या तीन कथामालिका अपूर्ण राहिल्या.