नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर



आमच्या आजोबांचे दाढीचे जुने सेफ्टी रेझर घरात पडून होते. वरचे निकेल उडून आतले पितळ पिवळे दिसू लागले होते. दिवाळीच्या सुट्टीत ते आम्ही बेळगावच्या उद्यमबागेत एका कारागिराकडे नेले. आमचे शिक्षण हिंदीतून झाल्यामुळे आम्ही मुलम्मा म्हणालो, त्याला प्लेटिंग हाच शब्द ठाऊक! त्याने आधी जुना थर उतरवला, बफवर पॉलिश केले, तेलकटपणा धुतला आणि रेझर निकेलच्या द्रावणात विजेच्या ऋण टोकाला टांगले. पॉलिश जपून करावे लागते, नाहीतर दांड्याचे आटे झिजतात व पाते घट्ट बसत नाही, हेही त्याने दाखविले. आता आम्ही रोज त्यानेच दाढी करतो.

परतताना वाटेत किर्लोस्कर रोड लागला. हे नाव कोणाचे, असे आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले. फार थोडे हात वर झाले. म्हणून हा लेख.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण त्यांना रंगांतला फरक नीट ओळखता येत नसे. रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचा सायकलींचा धंदा होता. किर्लोस्कर ब्रदर्स आपली सुरुवात १८८८ पासून मानते ती या दुकानामुळे. विक्री, दुरुस्ती आणि पंधरा रुपये घेऊन सायकल शिकविणे, अशी सगळी कामे तेथे चालत. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. नांगर मात्र कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. आम्हाला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. वर्षाचे पीक पणाला लावून नवी वस्तू कोण वापरून पाहणार?

नांगर चालू लागला तोच दुसरे संकट आले. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा हवी होती, म्हणून कारखाना उठवावा लागला. त्या वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन व दहा हजार रुपये कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, त्यात साप. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने हा माणूस गमावला, हे आम्हा सीमाभागातील लोकांना आजही लागते.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीला ठेवले. विश्वस्त मंडळींनी या गोष्टीवर अवश्य विचार करावा! पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ नावाने मराठी घराघरांत पोचले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात, मिरज-पुणे रेल्वेमार्गावर आहे. इयत्ता नववीची सहल यंदा तेथे नेण्याचा आमचा विचार आहे. पालकांनी आपली संमती वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावी. आणि घरी आजोबा-पणजोबांची एखादी झिजलेली, पण टाकवत नसलेली वस्तू असेल, तर मुलांनी ती वर्गात दाखवायला जरूर आणावी. रेझर आणल्यास पाते मात्र घरीच काढून ठेवावे.