निरोग्यांचा डॉक्टर

आमच्या वाशिममध्ये डॉक्टर शोधणं अवघड नाही. हाडांचा कोण, डोळ्यांचा कोण, बाळंतपणाला कुणाकडे जावं, हे पानवालाही सांगतो. पण माणूस आजारीच पडू नये म्हणून झटणारा डॉक्टर कुठं बसतो, असं विचारून पाहा! माझ्या भाच्यानं एमबीबीएसनंतर नेमकी हीच शाखा घेतली, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न होता, मग दवाखाना कुठं टाकणार? मला मात्र वाल्डेमार हाफकिन आठवले.

परळच्या हाफकिन संस्थेमुळं हे नाव आपल्या ओळखीचं. माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो. १५ मार्च १८६० रोजी ओडेसात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गंमत म्हणजे रूढ अर्थानं ते डॉक्टर नव्हतेच, शिक्षण प्राणिशास्त्राचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आधी काम मिळालं तेही ग्रंथालयात. तिथंच त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. प्लेगच्या दिवसांत घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. सरकारनं हाफकिनना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, एवढा त्यांचा सरंजाम! काही महिन्यांतच लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःच टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेनं पुढं आलेल्या कैद्यांना दिली. ताप येई, हात सुजे. धडधाकट माणसानं हा त्रास का सोसावा? आजारी माणूस आपण होऊन वैद्याच्या दारी जातो. निरोग्याच्या दारी मात्र वैद्याला जावं लागतं.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. चौकशी समितीनं ठपका ठेवला प्रयोगशाळेवर. हाफकिनना कामावरून दूर केलं, पगार बंद झाला. वास्तविक बाटली उघडण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केलेला नव्हता. बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. दगावलेले १९ जण साऱ्या जगाला दिसले. लशीमुळं प्लेगातून वाचलेले मात्र आपापल्या शेतावर, गिरणीत कामाला लागले होते. त्यांची यादी कोण करणार? त्यांनाही कुठं ठाऊक होतं, की आपण वाचलो!

पाच वर्षं हाफकिन भांडले. मलेरियाचा उलगडा करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा कुठं १९०७ साली ते निर्दोष ठरले. पण परळची जागा भरली गेली होती. कलकत्त्याला नेमणूक मिळाली, तीही माणसांवर नव्या लशीचे प्रयोग करायचे नाहीत या अटीवर. मला विचाराल तर ही शिक्षा पहिल्यापेक्षा कडक होती. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात परतले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं. तेव्हा ते हयात होते, पण इथं नव्हते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं ते वारले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं.