बातम्या देणारी मुलगी

आज मोबाईलवर बोट फिरवलं की हव्या त्या नटाची मुलाखत हजर! १९७२ मध्ये असं नव्हतं. त्या वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. एकच चॅनेल, तेही ब्लॅक अँड व्हाइट. 'छायागीत' किंवा तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' लागलं की ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्याकडे अख्खी चाळ जमायची. सिनेतारे तिथे गप्पा मारायला यायचे. त्याच पडद्यावर सावळी, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी मराठी बातम्या द्यायची. तिची मुलाखत घ्यावी असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल. ती होती स्मिता पाटील.

जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५ चा. घर मूळचं खानदेशातलं, शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. बातम्यांच्या वेळी ती जीन्सवरच साडी गुंडाळायची म्हणे! (व्हायव्हाला नाईट पँटवर फॉर्मल शर्ट घालणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये.)

अभिनयाचं रीतसर शिक्षण नाही. अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम' या डिप्लोमा फिल्ममध्ये ती दिसली, आणि टीव्हीवरचा तिचा चेहरा श्याम बेनेगलांच्या नजरेत भरला. मग 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन'. 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले होते. १९७७ मध्ये 'भूमिका' आला. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरचा हा सिनेमा. आपण लास्ट इयरला असतो त्या वयात हिने एका बाईचं अख्खं आयुष्य पडद्यावर उभं केलं, आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला! दुसरा 'चक्र'साठी. १९८५ मध्ये पद्मश्री.

१९८२ हे वर्ष मात्र मजेशीर आहे. एकीकडे जब्बार पटेलांचा 'उंबरठा', दुसरीकडे 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं. ते करताना तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं, असं बच्चननी नंतर सांगितलंय. काहींना वाटलं, स्मिता बदलली. मला तसं वाटत नाही. छोट्या सिनेमाला प्रेक्षक मिळवायचा तर मोठ्या सिनेमातलं नाव हाताशी लागतंच. पण त्याची किंमत तिने मोजली, हेही खरं. गंमत म्हणजे आमच्या टीव्ही रूममध्ये 'उंबरठा' लावला तेव्हा निम्मी पोरं मेसला पळाली. उरलेली मात्र सुलभा महाजन घर सोडून निघते तिथे गप्प झाली. तिचं बरोबर की चूक, यावरून रात्री दोनपर्यंत भांडण! सबमिशन राहिलं ते राहिलंच.

२८ नोव्हेंबर १९८६ ला मुलगा झाला, प्रतीक. बाळंतपणानंतर तब्येत बिघडली आणि १३ डिसेंबरला ती गेली. वय फक्त ३१.

केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' तिच्या मागे, १९८७ मध्ये लागला. मिरच्यांच्या कारखान्यात आसरा घेतलेली सोनबाई त्यात सुभेदारासमोर विळा घेऊन उभी आहे. बेल वाजली तरी उठू नका, शेवटपर्यंत बघा.